मुकादमिणीची पहिली खेप

मुकादमिणीने जन्मात कुणाला शाबासकी दिली नाही. मिठागरावर आम्ही बायका तिच्या हाताखाली मीठ वाहायचो. काम चांगलं झालं तर एवढंच म्हणायची, "आज लाज नाय काढली." वाईट झालं तर शिवी. मी एकदा तोंड फुगवून बसले, तेव्हा म्हणाली, "रुसायचं तर आयशीकडं जाऊन रुस. मिठाला नाय कलत."

ती काही देवमाणूस नव्हती. अंगात कणकण असली तरी उन्हात उभं करायची. पण तिचा एक रिवाज होता. कुणी बाळंत झाली, कुणाच्या घरी मयत झालं, की त्या बाईची रिकामी टोपली ती रांगेत पहिली ठेवायची. पहिली खेप आम्ही तिच्या नावाने वाहायची, म्हणजे तिची मजुरी बुडत नसे. "तिची भरल्याबगर आपली कोन उचलतं तेच बघते!" माझी सासू गेली तेव्हा माझी टोपलीही अशीच भरली गेली. आम्ही पोटासाठी राबत होतो आणि ती तसं तोंडावर सांगायची. खोटं गोड बोलली नाही.

तिचा मुलगा उरणला बंदरात कायम झाला. 'कायम' या एका शब्दासाठी त्याने साहेबांची बोलणी निमूट गिळली. पुढे कंत्राटदार आला आणि कायमवाले घरी बसले. आता घर त्याच्या मुलीवर, प्राचीवर चालतं. ती एका गोदामात सामान भरते. तिथे रोज सकाळी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावतात. "आपण एक कुटुंब आहोत," असं साहेब सांगतो. कुटुंब म्हणे!

उत्तम कामगार म्हणून प्राचीचा फोटो तिथल्या भिंतीवर लागला. तो मोबाइलवर दाखवायला ती आजीकडे आली. मुकादमीण अंथरुणाला खिळली होती, मी उशाशी बसले होते.

"चांगला हाय," मुकादमीण म्हणाली. "आन तू रजेवर असलीस तर तुजी टोपली कोन भरतं?"

"आजी, तिकडे ज्याचं काम त्याच्याच नावावर पडतं. दुसऱ्याचं करत बसलं तर आपलं कमी दिसतं."

"मंग टाल्या कोनासाठी वाजवता?"

प्राची हसली. मला हसू आलं नाही.

मुकादमिणीला धाप लागली तेव्हा प्राचीने रजा मागितली. साहेब म्हणाला, "फोटोवालीनेच रजा मागितली तर बाकीच्यांनी काय शिकायचं? जायचं तर जा, परत येऊ नकोस." घरात चूल पेटायची होती. पोरगी कामावर थांबली.

इकडे मुकादमिणीची नजर दारावर. "पोरगी?"

"कामावर हाय," मी म्हणाले.

प्राची आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. "शेवटचं पाणी घालायचं राहिलं माझं," म्हणून ती रडायला लागली.

"राहिलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या नावाचं आधी घातलं, मग माझं. आता उद्या तिकडे टाळ्या वाजतील, तेव्हा हात खाली ठेव."