भाऊजी आणि ग्रीनिचची वेळ

आमच्या भाऊजींइतका वेळेच्या आधी पोचणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर तो एव्हाना पुढं निघून गेला असेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटी फलाटाला लागायच्या आधी हे फलाटाला लागलेले असत. बाभुळगावच्या एका लग्नाला आम्ही इतक्या लवकर पोचलो, की मांडववाल्यानं आमच्याच हातात बांबू दिले. मी कुरकुरलो तर म्हणाले, "काहून कुरकुर करून राह्यला? आपल्यामुळं मांडव तरी वेळेवर उभा झाला!" उशिरा येणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. अशा गृहस्थाच्या हाताखाली मी नोकरी करत होतो, आणि तीही सॉफ्टवेअरची. यवतमाळात त्यांचं दोन माणसांचं दुकान होतं. एक ते, दुसरा मी. माझी सगळी संगणकविद्या दोन गोष्टींवर उभी होती: मशीन बंद करून पुन्हा चालू करणं, आणि वायर हलवून बघणं.

कापसाचे ते फार वाईट दिवस. भाव रोज खाली येत होता आणि खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग हलत नव्हती. अशाच एका केंद्राचं काम आम्हाला मिळालं: ज्याचा नंबर उद्या, त्याच्या मोबाईलवर आज निरोप जायचा. निरोप पहाटे चारला आपोआप निघावेत असं भाऊजींनी ठरवलं. "नऊला पाठवू ना," मी म्हटलं. "नऊपर्यंत अर्धा दिवस जाते बाबू," ते म्हणाले, आणि विषय संपला.

चार दिवसांत राळेगावकडच्या एका शेतकरी बाईंचा फोन आला. "भाऊ, नंबर आजचा अन् मेसेजबी आजच येऊन राह्यला. आता मी गाडी कुठून आनू?" मी तपासलं. माझ्या टेबलावरून यादी काढायचा तोच हुकूम, म्हणजे कमांड, चालवला तर उद्याचीच यादी येत होती, बिनचूक. मग मी मशीन बंद करून चालू केलं. वायर हलवली. आतल्या घड्याळाचा सेल बदलला. लोडशेडिंगला दोष दिला, आणि काहीच उरलं नाही तेव्हा म्हटलं, "बाईंना मोबाईल वाचता येत नसंल." दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला पहाटे साडेतीनलाच दुकानात नेऊन बसवलं.

चारला मशीननं आपलं काम केलं, त्याच मिनिटाला भाऊजींनी तोच हुकूम हातानं चालवला. हातानं चालवला तर यादी बुधवारची. आपोआप चालला तर मंगळवारची. मंगळवार तर बाहेर केव्हाच लागला होता! मग उलगडा झाला. आमच्या टेबलावरून जोडलं, की डेटाबेस त्या सेशनला, म्हणजे त्या जोडणीला, भारताची वेळ लावायचा. आपोआप चालणाऱ्या कामानं वेळ सांगितलेलीच नव्हती, म्हणून त्याच्या सेशनला मूळची ग्रीनिचची वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. तिकडं अजून सोमवारची रात्र, आणि सोमवारचा उद्या म्हणजे मंगळवार. नऊला तिकडंही मंगळवार लागलेला असतो; तेव्हा निरोप गेले असते तर ही चूक कधी दिसलीही नसती, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मी, आयुष्यात पहिल्यांदाच, शहाण्यासारखा गप्प बसलो. भाऊजींनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून त्या कामालाही भारताची वेळ लावली. मी चहाचं नाव काढलं, तर भाऊजी स्कूटर सुरू करून उभे.

नंबर हुकलेल्यांच्या गाड्या आत घ्या म्हटल्यावर केंद्रावरचे साहेब म्हणाले, "उशिरा आले, त्यांचा नंबर गेला. नियम आहे."

"ते उशिरा नाही आले साहेब," भाऊजी म्हणाले, "आम्ही उशिरा सांगितलं. आत घ्या त्यांले."

उशिरा आलेल्यांसाठी भाऊजींना हात जोडताना मी त्याच दिवशी पाहिलं. साहेब दुपारपर्यंत वळले. मग प्रत्येक गाडी आत जाईस्तोवर भाऊजी फाटकाशी उन्हात उभे. राळेगावच्या त्या बाईंच्या कापसाचं माप सगळ्यांत शेवटी झालं. चुकलेल्या दिवशीच्या मानानं भाव आणखी उतरला होता; तो दुरुस्त करायला आमच्याकडं कुठलीही ओळ नव्हती. भाऊजींना तोंड वर करवेना. बाईच म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. तुमी कायले उभे राह्यले दिवसभर? जेवले तरी का?"

त्यावर भाऊजींनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. परतताना त्यांनी स्कूटर फार हळू चालवली. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली शेतं होती.