काळा पडदा आणि तात्यांचं गाऱ्हाणं

संगणकातलं मला कळतं, असा आमच्या घरात एकाच माणसाचा समज आहे, आणि तो माणूस मी आहे.

म्हणूनच घरातल्या एकुलत्या एक संगणकावर मी बाजारात अजून न आलेली, चाचणीसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम हौसेने टाकली होती. (अशी सिस्टीम हौशी लोकांना फुकट देतात. का देतात, ते कळेलच!) त्या सकाळी वृंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, मुलाखत होती. पाच वर्षं बदली शिक्षिका म्हणून कधी लांजा, कधी सावर्डे अशी एसटीतून वणवण केल्यावर रत्नागिरीतच कायमची जागा निघाली होती. संस्थेचे अध्यक्ष मुंबईला, म्हणून मुलाखत ऑनलाइन. अकराची वेळ. वृंदाने साडेदहालाच लिंक उघडली, कॅमेरा आणि माइक तपासला आणि ती साडी नीट करायला आत गेली. पडद्यावर पाटी होती : 'थोड्या वेळात आपल्याला आत घेतले जाईल.'

नेमकी तेव्हाच कोपऱ्यात दुसरी पाटी उगवली. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, चाचणीसाठी तयार!

चित्र सुरेख येईल, बायको उठून दिसेल, अशा निव्वळ प्रेमापोटी मी बटण दाबलं. पडदा थरथरला, हिरवा झाला आणि मग तव्यासारखा काळा पडला.

"अहो, काय केलंत?" वृंदा दारात!

"काही नाही! येईल आत्ता! बंद करून चालू करतो."

"हात लावू नका! लिंक तुटेल!"

तोवर तात्या, माझे वडील, नारळ घेऊन हजर. पंप अडो, म्हैस अडो, आमच्याकडे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, मग मेकॅनिकला फोन करतात. तात्यांनी थेट संगणकाच्या डोक्यावर नारळ ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज आमची सूनबाय मुलाखतीस बसलीय..."

"होय म्हाराजा!" मी. (गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवय!)

"आणि ह्या शिकलेल्या गाढवानं ऐन वेळेस मशीन मोडून ठेवलंन्..."

"होय म्हाराजा!"

"ह्याची अक्कल तुला ठाऊक आहे..."

"होय म्हा—"

"पुरे!" वृंदा कडाडली. "तात्या, तो नारळ खाली! आणि तुम्ही, हात मागे! भिंतीला पाठ! विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही!"

तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निमूट भिंतीला टेकलो. तात्याही शेजारी येऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

वृंदाने वाकून पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डातून उपटली आणि संगणकाच्या मागच्याच, त्या कार्डाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या खाचेत खुपसली. "शाळेत असंच करतो आम्ही," ती म्हणाली. पडदा लख्ख उजळला.

त्यावर तिघं जण बसलेले होते. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. काळा पडला होता तो फक्त आमचा पडदा. कॅमेरा आणि माइक ठणठणीत होते, आणि मुंबईने आम्हाला ठरल्या वेळेआधीच, पडदा काळा पडल्या पडल्या आत घेतलं होतं!

"बाई," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "वर्ग आवरता येतो का, हा आमचा पहिला प्रश्न होता. तो आम्ही काढून टाकलाय. आता त्या दोन मुलांना खाली बसवा, म्हणजे पुढचं विचारतो."

नोकरी तिला तिथेच लागली म्हणा ना! तात्यांना तिने लगेच बसवलं. मी मात्र मुलाखत संपेपर्यंत भिंतीलाच होतो.