बारा व्होल्टचा अडॅप्टर माझ्या खिशात होता

आधीच सांगतो, आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. दाराला टांगायला नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत लोकांच्या भुतांच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आणि प्रत्येकाला एकच विचारलं — "तेव्हा मीटर लावून पाहिलं का?" या वेळी मीटर माझ्याच हातात होतं. म्हणून लिहितोय.

शाहीर दौलतराव गावोगाव भीमगीतं गात फिरले. ते जाऊन सहा वर्षं झाली. मागे त्यांच्या पत्नी कमलाताई, मूर्तिजापूरला, आणि पत्र्याच्या पेटीभर कॅसेटी — बहुतेक बुरशी धरलेल्या. मी हिवाळाभर घरी बसून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. कित्येक टेपा एकदाच वाजल्या आणि तुटल्या. एकेचाळीस गाणी हाती लागली. ती एका जुन्या, मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि दुसरी प्रत 'घेऊ पुढच्या आठवड्यात' म्हणत राहिलो. मुलांना बॅकअपवर व्याख्यान देणारा माणूस मी!

अकोल्याच्या एका वस्तीतल्या वाचनालयात ही गाणी कायमची ऐकायला ठेवायची ठरली. त्यासाठी तळहाताएवढा कॉम्प्युटर, लिनक्सचा बोर्ड, आणला. बोर्डाला पाच व्होल्ट पुरतात, तो पॉवर बँकवरही चालतो. पण मोठ्या डिस्कची मोटर फिरायला बारा व्होल्ट लागतात आणि ते बोर्डाच्या केबलमधून मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा अडॅप्टर. बंद करतानाही क्रम असतो — आधी डिस्क थांबवायची, एक मिनिट थांबायचं, मग वीज काढायची. हे मोठ्या अक्षरात लिहून मी भिंतीवर चिकटवलं. कोणी वाचेल अशी आशा नव्हती.

उद्घाटन रविवारी दुपारी. वाचनालयाचे सचिव वानखडे सकाळीच म्हणाले, "सर, बटण पायजे."

"कशाचं बटण? बोर्ड चालूच आहे. डिस्क सापडली की पहिलं गाणं आपोआप वाजतं."

"ते ठीक हाय. पण पाहुण्याले काहीतरी दाबाले पायजे न! नाई तर फोटोत काय दाखवू?"

मग थर्माकोलच्या खांबावर लाल बटण बसलं, त्याला झेंडूची माळ लागली. बटणाच्या दोन वायरी थर्माकोलच्या आतच संपत होत्या. मी स्वतः बघितल्या.

साडेअकराला वस्तीतली लाइट गेली. मंडपवाल्यानं जनरेटर सुरू केला, व्होल्टेजचा झटका बसला... आणि टेबलाखालून जळका वास आला. डिस्कचा अडॅप्टर. मीटर लावलं — शून्य. डिस्क वाचली की तीही गेली, ते कळायला मार्ग नव्हता. रविवार, दुकानं बंद. जळका अडॅप्टर काढून मी खिशात टाकला. डिस्कची वीज घ्यायची जागा रिकामी. बोर्ड माझ्या पॉवर बँकवर होता म्हणून तेवढा जिवंत.

"काही टेन्शन नका घेऊ," वानखडे म्हणाले. "बटण दाबलं की माइकवाला मोबाइलवरून कोणतंही गाणं लावते. पब्लिकले काय समजते?"

पब्लिकला नसेल समजत. पण पहिल्या रांगेत कमलाताई बसल्या होत्या. सहा वर्षांनी नवऱ्याचा आवाज ऐकायला आल्या होत्या. त्यांना आधी सांगावं म्हणून मी जवळ गेलो.

"सर, पहिले कोणतं लावून राहिले?" त्यांनीच विचारलं. "मी रात्री झोपलीच नाई बाप्पा."

मला सांगता आलं नाही. परत येऊन बोर्डाशी बसलो.

भाषणं सुरू झाली. एका वक्त्यानं तळहाताएवढ्या बोर्डाला 'महासंगणक' म्हटलं. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी वाटत होतं, बोलत राहा, थांबू नका. दोनदा उठलो, दोनदा बसलो. शेवटी प्रमुख पाहुणे उठले, कॅमेऱ्याकडे बघून बटण दाबलं. टाळ्या. माइकवाल्यानं मोबाइल वर केला...

आणि माझ्या गुडघ्याजवळ डिस्क फिरू लागली.

तो आवाज मी हजारदा ऐकलाय — आधी बारीक घरघर, ती चढत जाते, मग दोन टिचक्या. मी वाकून बघितलं. वीज घ्यायची जागा रिकामीच. खिसा चाचपला, अडॅप्टर होता. मीटरच्या टोकांनी तिथं बघितलं — शून्य! आणि वरच्या कर्ण्यातून दौलतराव गायला लागले.

घाबरायला वेळ नव्हता. लॅपटॉप बोर्डाला जोडलेला होता. पेनड्राइव्ह खुपसला, सगळी गाणी कॉपीला लावली आणि हात मांडीवर घेतले. डिस्कला स्पर्शही केला नाही. सात... एकोणीस... तेहतीस... गाणं संपलं, दुसरं लागलं. एकेचाळीस. कॉपी पूर्ण झाली तशी घरघर हळूहळू उतरली आणि डिस्क थांबली.

समोर कमलाताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मंडपात कोणाला काही विशेष वाटलं नव्हतं. पाहुण्यांनी बटण दाबलं, गाणं लागलं. वानखडेंनी तेवढं माझ्याकडे बघून विचारलं, "सर, अडॅप्टर तर जळला होता न?"

त्या आठवड्यात अकोल्यातल्या एका दुरुस्तीवाल्यानं डिस्क उघडली. बारा व्होल्टकडचा भाग कोळसा झालेला. "ही त्या झटक्यातच गेली सर. यानंतर फिरूच शकत नाही," तो म्हणाला. जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. एकानं शिल्लक राहिलेला चार्ज सुचवला. तो सेकंदभर पुरेल, अकरा मिनिटं नाही. दुसरा म्हणाला, सामूहिक भास. भासानं पेनड्राइव्ह भरत नाही.

पण मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. बोर्ड सगळ्याची नोंद ठेवतो. त्यात डिस्क आल्याची वेळ आहे. शेवटी डिस्क थांबवण्याचा आदेश आहे — तो हातानं द्यावा लागतो, माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हता आणि माझे हात मांडीवर होते. त्यानंतर बरोबर एक मिनिटानं, वीज काढल्यावर उमटते तशी, डिस्क गेल्याची नोंद. भिंतीवरच्या कागदात लिहिलं होतं, अगदी तसं.

कमलाताईंना गाण्यांची प्रत द्यायला मूर्तिजापूरला गेलो तेव्हा हे सांगितलं. त्या चहा गाळत होत्या.

"ते तसेच होते," त्या म्हणाल्या. "पोरं कार्यक्रम झाला का पहिले कंदील इझवत. हे रागवत. पहिले बाजाची पेटी बंद करा, तिले जरा निवू द्या, मंग कंदील. काहून, तुमाले पटत नाई?"

"नाही पटत, ताई."

"मंग राहू द्या न. गाणे तर वाचले."

मला राहू देता येत नाही. गाण्यांच्या आता चार प्रती आहेत. डिस्क आणि अडॅप्टर माझ्या टेबलावर आहेत, शेजारी मीटर. आठवड्यातून एकदा तरी लावून बघतो. शून्य.