किती रातींवर गाव?

भोसरीच्या गावठाणात दुर्गाबाईंच्या आठ खोल्या होत्या. एका रांगेत, वर पत्रा, पुढे सिमेंटचा ओटा आणि सगळ्यांत मिळून एक नळ. लग्न होऊन मी हिंगोलीहून आले ती थेट पाचव्या खोलीत. प्रभाकरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम लागून जेमतेम वर्ष झालं होतं. मी बी.ए. झालेली, पण हिंगोलीच्या बाहेर म्हणून परभणीच तेवढी पाहिलेली.

पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटवायला घेतला, तर दारात एक उंच, काळ्यासावळ्या, नऊवारीतल्या बाई उभ्या. हातात ताट.

"आज चूल पेटवायची न्हाई. पयल्या दिशी माज्याकडचं खायाचं." त्यांनी ताट खाली ठेवलं आणि समोर बसल्या. "किती रातींवर हाय तुजं गाव?"

मला प्रश्नच कळला नाही. प्रभाकर म्हणाले, "एका रात्रीचं, मावशी. एसटीनं."

"आन रानात काय पिकतं?"

"हळद," मी म्हटलं. "आमच्याकडं सगळे हळदच करायलेत आता."

"करायलेत," त्यांनी माझ्याच सुरात म्हणून दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मला रडू आलं. तेव्हा घाईघाईने म्हणाल्या, "अगं, हसले म्हणून काय झालं. परवा त्या जळगाववाल्याला हसले, त्यो बी जेवला की."

पुढची आठ वर्षं मी त्यांच्याकडे हेच पाहिलं. नवीन भाडेकरू आला की पहिल्या दिवशीचं जेवण त्यांचं, आणि ताट ठेवल्यावर हेच दोन प्रश्न. नाव त्या नंतर विचारायच्या आणि बहुधा विसरायच्या. त्यांच्या बोलण्यात आम्ही सगळे हळदवाली, केळीवाला, भुईमूगवाला असेच असायचो. त्यांचं स्वतःचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं होतं. उरलेल्या तुकड्यावर या खोल्या. आता त्या रानात काय पिकतं, असं एकदा मी विचारलं, तर नवरा मालोजी ओट्यावरून म्हणाले, "नटबोल्ट पिकत्यात."

दुर्गाबाई कधी कुठे गेल्या नव्हत्या. माहेर चाकणजवळचं, सासर भोसरी. दोन्हींच्या मधला रस्ता आणि आळंदी, एवढंच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पण देश त्यांना रात्रींनी पाठ होता. लातूर, नांदेड एका रातीवर. गोरखपूर, छपरा दोन रातींवर, "गाडी येळंवर आली तर." केरळ दोन रातींवर आणि आसाम तीन. सुट्टीहून परत येणारा माणूस काहीतरी खायला घेऊन यायचाच. तो पुडा त्या सगळ्या खोल्यांतून थोडा थोडा वाटायच्या आणि उरलेला चघळत बसायच्या. छपऱ्याच्या एका मुलाने आणलेला ठेकुआ, गूळ-कणकेची ती तळलेली जाड पुरी, त्यांनी पहिल्यांदा चाखली. मग म्हणाल्या, "ह्या बाईनं तुपात हात आखडला न्हाई." ती बाई म्हणजे त्या मुलाची आई, दोन रातींपलीकडे बसलेली. दुर्गाबाईंना ती दिसत असावी.

चूकही त्यांनी मनापासून केली. सातव्या खोलीत ओडिशातल्या बलांगीरचा कैबल्य साहू राहायचा. अंगाने बारीक, बोलायला त्याहून कमी, काम फोर्जिंगच्या भट्टीपुढे. तेव्हा पूर्वी, माझी मुलगी, नुकती रांगायला लागली होती, म्हणजे दोन हजार तीनचा उन्हाळा. कैबल्य रात्री भात करायचा, त्यात पाणी घालून पातेलं खिडकीत ठेवायचा आणि पहिली शिफ्ट करून दुपारी यायचा. एकदा दुर्गाबाईंनी त्या पातेल्यावरचं झाकण उचललं. वास घेतला. भात सरळ आपल्या म्हशीपुढे ओतला, पातेलं घासलं आणि त्यात गरम पिठलं नि वर दोन भाकरी ठेवून झाकण लावलं. बिचारा भट्टीपुढून येतो आणि आंबलेलं खातो, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी कैबल्य माझ्या दाराशी आला. पूर्वी त्याच्या पायाशी रांगत गेली, त्याने तिला उचलून घेतलं आणि तिच्याकडेच बघत म्हणाला, "भाभी, माँजी को मत बोलिएगा कि मैंने बोला. पर वो पखाल नहीं मिलेगा तो मैं भट्टी पे गिर जाऊँगा. पेट में आग है."

मी दुर्गाबाईंना सांगितलं. तो भात, त्याचा पखाल, खराब झालेला नव्हता, मुद्दाम आंबवलेला होता. त्यांच्याकडे उन्हाळ्यात तेच खातात, पोट थंड राहतं.

"मुद्दाम?" त्या म्हणाल्या. खाली बसल्या. म्हणाल्या, "माजी सासू जवारीची आंबील करायची. रात्री भिजवून. उन्हाची माणसं रानातनं आली का पयली वाटी तीच." मग एकदम, "म्हंजी म्या त्या पोराची आंबील म्हशीला घातली. तीन दिस."

मालोजी म्हणाले, "म्हैस लई खूश हाय."

"तुमी गप बसा."

त्या दिवसापासून रात्री भात भिजवायचं काम दुर्गाबाईंनी स्वतःकडे घेतलं. बरोबर कांदा आणि हिरवी मिरची. पाऊस लागेपर्यंत रोज. कैबल्यने दिवाळीनंतर गावाहून उडदाच्या वाळवलेल्या वड्या आणल्या, आणि ओट्यावर बसून त्या दोघांनी तळलेल्या वड्यांबरोबर तो थंड भात खाल्ला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती.

आम्ही जवळच चिखलीला फ्लॅट घेतला तेव्हा दुर्गाबाई टेम्पोपर्यंत सोडायला आल्या होत्या. "चिखली कितीक रातींवर?" असं मी गमतीने विचारलं तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण पूर्वी आहे. ती मेटलर्जी शिकली. तिला राउरकेल्याला पोलादाच्या कारखान्यात नोकरी मिळाली. होय की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ती मला म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. पण मनापासून नाही म्हण. भीतीने नको." प्रभाकर म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा," आणि पेपर उघडला.

मी चार दिवस तिथलं हवामान पाहिलं, हॉस्टेलचे फोटो मोठे करून खिडक्यांचे गज मोजले, रेल्वेचा नकाशा पाहिला. नाही म्हणायला मला एक साथीदार हवा होता, म्हणून रविवारी म्हटलं, चल, दुर्गाबाईंना विचारू. मला खात्री होती. त्या जुन्या वळणाच्या बाई, कधी गाव सोडलं नाही. मुलगी एवढी लांब नको, असंच म्हणणार.

खोल्या आता राहिल्या नाहीत. तिथे चार मजली इमारत आहे आणि जिन्याखाली तीस-चाळीस चपला. मालोजी गेले त्याला सहा वर्षं झाली. दुर्गाबाई तळमजल्यावर खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण पूर्वीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रांगत हुतीस. आता कुटं निगालीस म्हनं?"

"राउरकेला, आजी. ओडिशात."

"एक रात आन वर आक्खा दिस." त्यांनी लगेच सांगितलं. "कैबल्याच्या गावच्या अंगाला. त्याच्या म्होरं." इतक्या वर्षांनी त्याचं नाव मात्र आठवलं. फोन लावायचा का म्हणून पूर्वीने त्यांच्या वहीतला त्याचा नंबर शोधला. तो नंबर आता अस्तित्वात नव्हता.

मी विषयावर आले. "मावशी, तुम्हीच सांगा हिला. एकटी मुलगी, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही."

दुर्गाबाईंनी पूर्वीकडे तोंड वळवलं. पूर्वीला म्हणाल्या, "गच्चीवर कुरडया घातल्यात. वाऱ्यानं उडत असतील. जरा बघून ये."

ती गेल्यावर त्या हळू आवाजात बोलायला लागल्या.

"आमच्या इंद्रायणीला नागपूरला नंबर लागला हुता. नर्सचा. तू यायच्या आदी." इंद्रायणी त्यांची एकुलती मुलगी. मोशीला दिलेली. मी तिला पाहिली होती. दर सोमवारी भाजी घेऊन यायची आणि भिंतीला टेकून बसायची. "नागपूर म्हंजी एका रातीचं. म्या म्हनलं न्हाई. हितं एवढ्या लांबनं पोरं येत्यात, त्यास्नी म्या जेवाया घालते, पर माजी पोरगी कुनाच्या दारात जाऊन बसनार? म्या न्हाई म्हनलं. हे म्हनत हुते जाऊ द्या, म्या ऐकलं न्हाई."

"काही बोलली ती?"

"तेच तर. येक शबूद न्हाई. मोशीला दिली, गेली. ती केरळची नर्स ऱ्हायला आलती न्हाई का, तिसऱ्या खोलीत? तिच्या दाराशी इंद्रायणी जाऊन बसायची. ती बाई पांढऱ्या कपड्याला इस्त्री करायची आन ही बघायची. दर सोमवारी. मला वाटायचं, आता बोलंल, आता भांडंल. आजून येती. भाजी आनती. बोलली आसती तर बरं झालं आसतं बग."

पाचव्या खोलीतल्या माझ्या पहिल्या दिवशी समोर बसलेल्या या बाई, आणि त्यांच्या घरात तेव्हाच ही गोष्ट घडून गेलेली होती.

"मग मी काय करू, मावशी?"

"मला नगं इचारू. म्या कदी कुटं गेले? मला ठावं हाय ते येनाऱ्यांचं. जानाऱ्यांचं न्हाई." मग म्हणाल्या, "तुजी आई आलती तुला सोडाया. नळाशी उबी ऱ्हाऊन मला म्हनली, माजी पोर रडकी हाय, रागं भरू नका. आन तशीच एसटीला गेली. मागं बघितलं न्हाई तिनं. तवा मला वाटलं, काय कडक बाई हाय."

माझ्या आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

पूर्वी कुरडयांचं सूप घेऊन खाली आली, केसांत वारा भरलेला. मी म्हटलं, "उत्तर पाठवून दे."

"काय म्हणून?"

"येते म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली, मग खाटेकडे. "आजी काय म्हणाल्या?"

"म्या कशाला काय म्हनू?" दुर्गाबाई म्हणाल्या. "म्या तर म्हनत हुते, लांब हाय. तुजी आईच ऐकंना."

पूर्वीने जिन्याच्या पायरीवर बसून मेल लिहिली. पाठवण्याआधी फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा आणला नव्हता. "वाचून दाखव," म्हटलं. चार ओळी होत्या, इंग्रजीतून. मी तिला त्या दोनदा वाचायला लावल्या.