ओवाळणीत गेलेला पहिला नंबर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज देवघरात कापूर पेटला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या मुलुंडात जाऊन पडलो.

आमच्या चाळीतला विठू परब मॅरेथॉन धावायचा. देशातल्या भल्याभल्यांना मागे टाकायचा, पण पेपरात त्याचं नाव कधी यायचं नाही. विचारलं तर म्हणायचा, "असंच, जरा पळतो." त्या रविवारी शर्यत आमच्याच रस्त्यावरून जाणार होती. पहिला आला तर निदान फोटो तरी छापून येईल, म्हणून अख्खी चाळ कडेला उभी!

आणि विठू खरंच सगळ्यांच्या पुढे! आनंदाच्या भरात चाळीतल्या मालतीकाकू कापूर पेटवलेलं आरतीचं ताट घेऊन रस्त्यातच उतरल्या. वडीलधाऱ्यांना डावलून पळणं विठूला कुठलं जमायला? तो थांबला. कुंकू लावून घेतलं, झेंडूचा हार घालून घेतला, शिवाय वाकून नमस्कारही केला. आम्ही टाळ्या पिटल्या. केवढा मान केला आपण त्याचा, असं तेव्हा वाटलं!

पेपरात फोटो आला तो दुसऱ्याचाच. पण तो पठ्ठ्या विठूच्या बाजूने पुढे सटकला, तेव्हा काकू त्याच्यावर खेकसल्या होत्या, "ए मेल्या, थांब ना जरा! दिसत नाही, आमच्या विठूला ओवाळतेय ते?"