डबी कुणाची

“माळ घातल्यापासून माझ्या हातानं अंडंबी फुटलं न्हाई,” असं मंजुळाबाई एकदा हेडमास्तरांना भर वर्गासमोर म्हणाल्या होत्या. शाळेत खिचडीसोबत पोरांना अंडी द्यायची ठरली, तेव्हाची गोष्ट. अंडी उकडायला दुसरी बाई आली, खिचडी मंजुळाबाईंकडेच राहिली. नवरा गेलेला, शेत नाही. त्या चुलीवरच त्यांचंही पोट होतं. ते वाक्य पार सेनगावपर्यंत पोचलं आणि लॅबवाल्या नीलांबरीच्या डोक्यात राहिलं.

यंदा पोरांना जुलाब लागले. हेडमास्तर म्हणाले, शौचाची तपासणी करून आणा, पोट साफ निघालं तरच पातेल्याला हात. म्हणून मंजुळाबाई जीपनं सेनगावला आल्या आणि पदराखालची डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

नीलांबरीचा डब्यांवर भरवसा नव्हता. नाव झाकणावर असतं, आत नसतं. नोकरीसाठी पोरगं भावाची डबी आणतं, सासू सुनेची.

“सकाळचीच हाय ना, मावशी?”

“व्हय. काहून?”

“सहज.”

काडीच्या टोकावर इवलंसं घेऊन तिनं काचपट्टीवर एकीकडे मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवलं, दुसरीकडे आयोडीनच्या. पहिल्यात जिवंत असेल ते वळवळतं, दुसऱ्यात जंतांची अंडी रंग धरतात. काहीच नव्हतं. इतकं स्वच्छ पोट तिला आवडलं नाही. उरलेलं तिनं दाट मिठाच्या पाण्यात ढवळून ठेवलं; अंडी असली तर वर तरंगतात. वरही काही आलं नाही. मग पहिली पट्टी पुन्हा पाहताना ते दिसलं : पिवळे, बोथट तुकडे, त्यांवर बारीक आडव्या रेघा. न पचलेलं मटण.

तिनं मान वर केली. मंजुळाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

“मावशी, काल काय जेवलात?”

“भाकर. वरण.”

“अन्?”

“चटणी. काहून विचारून राहिलीस गं?”

बाकावर साखरेच्या रिपोर्टसाठी त्यांच्याच गावचे किसनराव बसले होते. ते खोकल्यासारखं हसले. “काल गावात कंदुरीचं जेवण होतं, ताई. बोकडाचा वास माळकऱ्यालाबी येतोच की!”

“मामा, तुमी गप बसा.” नीलांबरीनं आवाज उतरवला. “यात मटण हाय, मावशी. एक तर माळ खोटी, न्हाई तर डबी खोटी. डबी दुसऱ्याची असंल तर मी रिपोर्ट देणार न्हाई. मागं संडास हाय, दुसरा नमुना देता?”

मंजुळाबाई डबीकडे पाहत राहिल्या. नीलांबरी त्यांच्याकडे. चेहरा काही काचपट्टीवर घेता येत नाही.

मग त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले. माळ केसांत अडकली. ओढली नाही, हळू सोडवली आणि डबीशेजारी ठेवली. किसनरावांचं हसू थांबलं. डबी मंजुळाबाईंचीच, असं आता माळ सांगत होती. रिपोर्ट द्यावाच लागणार होता. पण दुसऱ्या नमुन्यासाठी त्या उठल्या नव्हत्या; नीलांबरीला माळेचाही भरवसा वाटेना.

“मावशी, खरं सांगा—”

मंजुळाबाईंनी मोकळ्या गळ्यावरून पदर घेतला आणि त्या बाहेर पडल्या.