फाटका झगा

आमच्या घरात फाटकं होतंच, पण ते कुणाला दिसलेलं आईला खपायचं नाही. शाळेचा सदरा विरला की ती आतून ठिगळ लावायची. "गरिबी पोटात ठेवावी, अंगावर मिरवू नये," म्हणायची. त्याच सदऱ्यांत शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो.

परवा आमच्या सोसायटीत हॅलोवीन होतं. मुलीसाठी चेटकिणीचा काळा झगा विकत आणला होता, मुद्दाम चिंध्या काढलेला. ती शाळेतून येईपर्यंत आईनं खिडकीशी बसून एकेक चिंधी दुमडून शिवून टाकली.

"आजी, तू सगळं बिघडवलंस," मुलगी रडायला लागली. "आता मी चेटकीण दिसणारच नाही."

"अगं, फाटक्यात बाहेर जायचं?" मग माझ्याकडे बघून, "पगार झाला नाही का रे?"

मी सांगितलं, की भुतांचे वेष घालून पोरं आज दारोदार चॉकलेटं मागतात.

"म्हणजे वर मागायलाही जायचं," आई म्हणाली. तरी तिनं कात्री उचलली. "सांग बाई, कुठं कुठं फाडू?" पण तिचा हात काही चालेना. शेवटी तिचे टाके मीच कापले.

खाली पार्किंगमध्ये सगळीच पोरं चिंध्यांत नाचत होती. आईनं जन्मभर जे झाकलं, ते आता दुकानात विकत मिळतं. हे तिला कुठल्या तोंडानं समजावायचं? ती खिडकीतून बघत राहिली, सुई अजून हातातच होती.

माझ्या मुलीला फाटकं घालणं ही एका संध्याकाळची गंमत वाटते. एवढं आम्ही मिळवलं.